डायनासोर इथला आणि पुतळा परक्याचा

आज दुपारी बाजारातून परतताना हमरस्त्याच्या कडेला आकार घेत असलेल्या एका मनोरंजन बागेपाशी मी मुद्दाम थांबलो. पाण्याच्या घसरगुंड्या बसवून झाल्या आहेत, आकाशपाळण्याचा सांगाडा उभा आहे आणि प्रवेशद्वाराशी फायबरचा भलामोठा टी-रेक्स जबडा पसरून रस्त्याकडे पाहतो आहे. काम पाहणाऱ्या गृहस्थांना मी विचारले की हाच डायनासोर का निवडला. ते म्हणाले, "भाऊ, डायनासोर म्हणजे डायनासोर. पोट्टे येतात, फोटो काढतात, अजून काय पाहिजे?" तिथे मी काही बोललो नाही, पण घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

टी-रेक्स हा उत्तर अमेरिकेचा प्राणी आहे आणि आपल्या जमिनीवर तो कधीही चाललेला नाही. जो चालला, त्याची हाडे आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीतून निघाली आहेत. १९९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००३ पासून जगभरचे अभ्यासक त्याला आयसिसॉरस या नावाने ओळखतात. आखूड पण उभी मान आणि असाधारण लांब पुढचे पाय असलेला हा शाकाहारी प्राणी त्याच्या भाऊबंदांपेक्षा इतका निराळा होता की त्याचे चित्र एकदा पाहिलेले मूल ते पुन्हा विसरणार नाही. त्याच्या पुढच्या पायातले वरचे एकटे हाड जवळजवळ दीड मीटर लांबीचे आहे. आणि वरोऱ्याकडच्या पिजदुऱ्याचे काय सांगावे! तिथे सापडलेल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले, २००५ मध्ये त्याचा शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला, आणि डायनासोरांच्या काळात गवत उगवत होते ही गोष्ट जगाला आपल्या शिवाराने शिकवली. एवढे सगळे पायाखाली असताना आम्ही दारात अमेरिकेचा पुतळा उभा करतो आणि "अजून काय पाहिजे" असे विचारतो.

माझी भाची नववीत शिकते आणि तिला थीम पार्कचे, म्हणजे एकेका गोष्टीभोवती विभाग रचलेल्या मोठ्या मनोरंजन बागांचे, विलक्षण वेड आहे. यातले एकही पार्क तिने पाहिलेले नाही. परंतु कोणत्या पार्कात कोणता नवा विभाग येणार, जुन्या राइडच्या जागी काय होणार, याचे अंदाज बांधणारी जी जगभरची हौशी मंडळी आहे, त्यांचे बोलणे ती फोनवर मन लावून ऐकते. ही मंडळी बांधकाम परवान्यांचे कागद वाचतात, नोंदवलेली बोधचिन्हे शोधून काढतात, विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत खोदलेला खड्डा पाहून तिथे पाण्याची राइड येईल की अंधाऱ्या बोगद्यातून फिरणारी, हे ठरवतात. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली होती आणि आम्ही सगळे गच्चीवर बसलो होतो, तेव्हा मोबाइलच्या उजेडात तिने मला तिची वही दाखवली. तिने स्वतःचा विभाग आखला होता. जागा होती बंद पडलेली एक खुली कोळसा खाण, कारण तिचे वडील अशाच खाणीत डंपर चालवतात आणि खाणीच्या भिंतीत थर कसे दिसतात हे तिने त्यांच्याकडून ऐकले आहे.

तिची राइड अशी आहे. पाहुणे खाणीच्या पिंजऱ्यात बसतात आणि खाली उतरू लागतात. सर्वांत वर काळा पाषाण, म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा. त्याखाली डोंगरगाव-पिजदुऱ्याचा तो मऊ थर, ज्यात आयसिसॉरस पाणथळीच्या काठाने गवत खात उभा आहे. आणखी खाली वाळूचा खडक, आणि तळाशी कोळसा, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहूनही जुने, जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडांचे रान. "मामा, जितकं खाली जाऊ, तितकं जुनं दिसन," असे ती म्हणाली. मी भूगोल शिकवतो आणि तुम्हाला खात्रीने सांगतो की तिने लावलेला थरांचा क्रम बरोबर आहे. जगात कित्येक राइड प्रवाशाला मागच्या काळात नेण्यासाठी यंत्राची गोष्ट रचतात. इथे यंत्राची गरजच नाही, कारण जमीनच तशी रचलेली आहे.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये १९९८ पासून डायनासोरांचा एक विभाग होता. त्यातली मुख्य राइड प्रवाशांना लघुग्रह आदळण्याच्या क्षणापर्यंत मागे नेऊन एक इग्वानोडॉन वाचवायला लावत असे. आता त्या विभागाच्या जागी उष्णकटिबंधीय अमेरिकेचा विभाग उभा राहत आहे, त्यात 'एन्कांटो' या चित्रपटाची राइड असेल आणि डायनासोरांच्या इमारतीत इंडियाना जोन्स हा चित्रपटनायक येईल. उद्घाटनाचे वर्ष २०२७ सांगितले गेले आहे. भाचीला याचे फार वाईट वाटले, आणि मलाही वाटले. प्राण्यांच्या पार्कातून पृथ्वीवरचे सर्वांत मोठे भूचर प्राणी निघून गेले, याबद्दल हळहळणारे लोक मात्र थोडे दिसले. बहुतेक हौशी मंडळी लगेच पुढच्या अंदाजाला लागली: डिस्नेच्याच मॅजिक किंगडममध्ये खलनायकांचा जो विभाग जाहीर झाला आहे त्यात कोण कोण असेल, अबू धाबीला जे डिस्नेलँड येणार त्याचा किल्ला कसा असेल, इंग्लंडात बेडफर्डला २०३१ मध्ये उघडणाऱ्या युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीच्या पार्कात कोणते चित्रपट येतील.

माझी तक्रार याच प्रश्नाशी आहे. प्रत्येक अंदाज "कोणता चित्रपट?" इथूनच का सुरू होतो? बेडफर्डची ती जागा म्हणजे जुन्या वीटभट्ट्यांची जमीन आहे. तिथल्या मातीने किती घरे उभी केली असतील, याच्यावर एखादा विभाग असावा असे कोणाला का सुचू नये? चित्रपटाच्या नावाने गर्दी होते हे मला नाकारता येत नाही, २०१० मध्ये ऑरलँडोत हॅरी पॉटरचा विभाग उघडल्यावर काय घडले ते सर्वांनी पाहिले आहे. पण ज्या राइडवर तीन-तीन पिढ्यांनी प्रेम केले, त्या कोणत्या? पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही राइड १९६७ची, आणि तिच्यावरचा चित्रपट आला २००३ मध्ये. भुताच्या हवेलीची राइड १९६९ची, तिच्याही आधी चित्रपट नव्हता. ॲनिमल किंगडममध्ये २००६ साली एव्हरेस्टची राइड आली, तिच्यामागे हिमालयातल्या लोकांच्या यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, समजुती होत्या, कोणत्याही चित्रपटाचा नायक नव्हता. याच पार्कात आनंदपूर नावाचे एक कल्पित आशियाई राज्य आहे, जिथे पडक्या राजवाड्याच्या अवशेषांत जिवंत वाघ फिरतात आणि नदीच्या राइडमध्ये जंगलतोडीची गोष्ट सांगितली जाते. ते काम कष्टाने आणि आदराने केलेले आहे, हे मी मान्य करतो. परंतु वाघ आणि जंगल यांची गोष्ट सांगणारी माणसे ताडोब्याच्या वेशीवर राहतात, आणि आमच्यापैकी एकाही मुलाला मोठ्या माणसांनी "तू सांग, तू कशी सांगशील?" असे विचारलेले नाही.

त्या रात्री गच्चीवर भाचीने मला रांगेची जागाही दाखवली होती. थीम पार्कची रांग ही गोष्टीची पहिली पायरी असते, हे तिला ठाऊक होते, आणि म्हणून तिने रांग मोहाच्या झाडांखालून नेली होती, मध्ये माठ ठेवले होते, आणि बाजूच्या भिंतीवर खोदकामाचे नकाशे लावले होते, जेणेकरून वाट पाहणाऱ्याला कळावे की हाडे कोणी शोधली आणि कशी. डिस्नेलँडभोवती १९५५ मध्येच मातीचा उंच बांध घातला, कारण आत आलेल्या माणसाला बाहेरचे जग दिसू नये अशी इच्छा होती. भाचीने तोच विचार खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या डोंगरांवर लावला. ते डोंगर आमच्याकडे आधीच उभे आहेत आणि पावसाळ्यात त्यांची माती शेतात उतरते. तिने त्यांच्यावर झाडे काढली होती आणि ती माती तिथेच धरून ठेवली होती. नववीतल्या मुलीने हे केले. आणि आमच्या घरातल्याच एका ज्येष्ठ नातेवाइकांनी ती वही उलटसुलट करून "हे करून पोट भरते का?" असे विचारले होते. तिने वही मिटली, आणि नंतर बरेच दिवस ती कोणाला दाखवली नाही. आजच्या त्या टी-रेक्सपुढे उभा असताना मला तो प्रश्न पुन्हा ऐकू आला, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच तुच्छता आहे: पोरांना काय कळते, आणि इथे काय आहे.

ज्या भागात कापसाला भाव मिळत नाही तिथे थीम पार्कची स्वप्ने पाहणे ही चैन आहे, असे म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. पण मग त्यांनी त्या बागेच्या टी-रेक्सवरही रागवावे, कारण पैसा तर तिथेही खर्च झालाच आहे. शेजारच्या गुजरातने बालासिनोरजवळ रय्योलीला २०१९ मध्ये डायनासोरांचे संग्रहालय उभारले. आपल्याकडे सिरोंचा तालुक्यात वडधमचे जीवाश्म उद्यान आहे, तिथपर्यंत किती शाळांच्या सहली जातात हे आपण सगळेच जाणतो. खाणीचा खड्डा निरुपयोगी असतो असेही कोणी म्हणू नये. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या चिनी मातीच्या रिकाम्या खाणीत २००१ साली ईडन प्रोजेक्टच्या बागा उभ्या राहिल्या, आणि लोक मुद्दाम तिकीट काढून त्या खड्ड्यात उतरतात.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, तेव्हा आता मनातली गोष्ट सांगतो. फ्रान्सच्या पश्चिमेला वांदे नावाचा शेतकऱ्यांचा मुलूख आहे. तिथे प्वी दु फू या पडक्या गढीसमोर १९७८ मध्ये आसपासच्या गावकऱ्यांनी रात्रीचा एक भव्य खेळ सुरू केला, त्यांच्याच मुलुखाच्या इतिहासाचा. ते सगळे बिनपगारी स्वयंसेवक होते आणि आजही त्या रात्रीच्या खेळात गावचे लोकच उभे राहतात. पुढे १९८९ मध्ये शेजारी दिवसाचे पार्क झाले, आणि रोलरकोस्टर नसतानाही ते फ्रान्सच्या सर्वाधिक गर्दीच्या पार्कांत गणले जाते. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आपला नाटक मंडळ्यांचा वडसा आठवला. ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, थंडीत चादरी पांघरून बसलेली हजारो माणसे, आणि पहाटेपर्यंत चालणारा खेळ. मंडप उभारणारे, रोषणाई करणारे, पेटी-तबला वाजवणारे, एका रात्रीत दुसऱ्या गावी रंगमंच हलवणारे लोक झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रात्रीचा खेळ उभा करण्याची विद्या आपल्याला बाहेरून आणायची नाही.

म्हणून भाचीच्या विभागात मी माझ्याकडून एक भर घालतो, आणि तिने ती मान्य केली आहे. दिवसा खाणीतली उतरती राइड. संध्याकाळी त्याच खड्ड्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंतींवर प्रेक्षक बसतील आणि तळाशी झाडीपट्टीचे कलावंत ही भूमी कशी घडली त्याचा खेळ करतील: लाव्हा, आयसिसॉरस, गोंड राजे, कोळसा, आणि विस्थापित झालेली गावेसुद्धा, कारण खाणीची गोष्ट सांगताना ती वगळणे हा अन्याय होईल. आयसिसॉरस हाताने चालवायचा असावा, चार माणसे आत आणि दोन मानेशी, आणि तो मोजमापांत अचूक असावा. यावर तिने फक्त एकच दुरुस्ती सुचवली: "मामा, त्याचे पुढचे पाय उंच हायेत, मंग आतल्या माणसायले सारखे उभे ठेवून कसं चालन? पुढे उंच माणसं घ्या." मला ही दुरुस्ती पटली.

आपल्याकडचे ऊन विचारात घेतले तर हंगाम दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत ठेवावा लागेल, म्हणजे नाटकांचाच हंगाम. चैत्र-वैशाखात खाणीच्या खड्ड्यात कोणालाही बसवणे हा गुन्हा ठरेल. तिकीट एवढे असावे की सालदाराच्या घरचे चौघे वर्षातून एकदा येऊ शकतील. आणि खेळ रात्री दहाला संपवून लोकांना अंधारात रस्त्यावर सोडू नये, तो झाडीपट्टीच्या रिवाजाने पहाटेपर्यंत चालावा, म्हणजे वरोरा, चिमूर, भद्रावतीच्या माणसांना सकाळची पहिली एस.टी. मिळेल. लोणारचे, मेळघाटचे आणि सिरोंच्याचे जे मित्र हे वाचत आहेत, त्यांनी आपापल्या भूमीचा विभाग खाली सविस्तर लिहावा, आणि घरात अशी वही असलेले एखादे मूल असेल तर आधी त्याला विचारून लिहावा.