मूत्रवाहिनीतील स्टेंट आणि काढण्याची तारीख

कर्करोग नसताना अरुंद झालेली मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) दुर्बिणीतून फुग्याने किंवा लेसरने रुंद करता येते, हे अरुंद मूत्रवाहिनीवरील तुमच्या लेखात नीट सांगितले आहे. मात्र अरुंद भाग साधारण 2 सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल आणि मूत्रपिंडाचे काम बऱ्यापैकी शिल्लक असेल, तरच हा उपाय टिकण्याची शक्यता अधिक असते, हेही यायला हवे होते. गुहागरच्या माझ्या थोरल्या भावाला एप्रिलमध्ये फुग्याच्या उपचारानंतर डीजे स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी तात्पुरती बारीक नळी) घातला, पण घरी सोडतानाच्या कागदावर तो कधी काढायचा हे लिहिलेच नव्हते. 6 आठवड्यांत निघायला हवा असलेला स्टेंट पावसाळा व भातकापणी उरकून काढला, तेव्हा त्याच्या टोकाला खड्याचा पांढरट थर धरला होता. पुढे मूत्रवाहिनी पुन्हा आवळली, तीही न दुखता; सोनोग्राफीत मूत्रपिंड सुजलेले दिसले, म्हणूनच कळले.