बाबांची ओळ नसलेले पत्र

आज दुपारी बडोद्याहून मैत्रिणीचा फोन आला. "बरी आहेस ना" वगैरे काही नाही, पहिलेच वाक्य, "बाईंचे बारावेसुद्धा होऊन गेले आणि तू मला कळवले नाहीस?" गोव्यात म्हापशाच्या शाळेत आम्हांला मराठी शिकवणाऱ्या बाई गेल्या, त्याला आज चौदा दिवस झाले. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर ती बातमी त्याच सकाळी आली होती, तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, आणि त्या रांगेत एक जोडी माझीही होती. मैत्रीणही त्याच गटात आहे. परंतु रोजच्या सुप्रभातांना आणि दूध-हळदीच्या उपदेशांना कंटाळून तिने गट उघडणेच सोडून दिले होते, आणि आज सहज वर सरकवत गेली तेव्हा वाढदिवसाचा एक केक आणि कोणाच्या तरी नव्या गाडीचे छायाचित्र यांच्या मधोमध तिला बाई सापडल्या.

मला अतिशय राग आलेला आहे आणि तो शांत झाल्यावर लिहावे एवढा संयम माझ्याकडे नाही. गटावर टाकले म्हणजे कळवले, असे आपण कधीपासून मानू लागलो? सर्वांना एकदम सांगितले की कोणा एकाला सांगण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. पूर्वी गावात कोणी गेले तर "बडोद्याला कोण लिहिणार?" हा प्रश्न घरात उच्चारला जात असे आणि त्याला एका माणसाचे नाव हे उत्तर असे. आमच्या वाड्यावर ते नाव बहुतेक वेळा माझेच असे.

मैत्रीण लग्न होऊन बडोद्याला गेली तेव्हा तिच्या आईने, माईने, रविवारची दुपार माझ्या नावावर लिहून टाकली. माई लिहू शकत नसे. ती कोकणीतून सांगे आणि मी मराठीतून लिहीत असे, कारण घरात चोवीस तास कोकणी बोलणारे आम्ही लोक कागदावर मात्र मराठीतच उतरत होतो. (भाषावादाच्या ऐन दिवसांतही आमच्या पडवीत या दोन भाषांचे भांडण झालेले मला आठवत नाही.) निळे आंतरदेशीय पत्र, वर "श्री", मग "इकडील सर्व क्षेम", आणि त्यानंतर खरा मजकूर: पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, बाजारात हरमलची मिरची किती महाग झाली, मयड्याची केळी या वेळी कशी निघाली, चर्चमधल्या मिलाग्रीसच्या फेस्ताला आणि शिरगावच्या लईराईच्या जत्रेला कोण कोण भेटले, बोडगेश्वराच्या जत्रेत कोणाच्या मुलीला पाहून गेले. तिन्ही घड्या भरल्या की पत्र आत नेऊन मैत्रिणीच्या वडिलांसमोर, म्हणजे बाबांसमोर, ठेवायचे. डिंकाच्या कडेला उरलेल्या अरुंद जागेत ते उभ्या अक्षरात एकच ओळ लिहीत, "चि. बाळीस अनेक आशीर्वाद. प्रकृतीस जपावे." कितीही पत्रे गेली तरी ओळ तीच.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. आमच्या बार्देश तालुक्यातून पणजीला नोकरीला जाणाऱ्यांचे काय हाल झाले, ते माझ्या वयाच्या लोकांना सांगावे लागणार नाही. बेतीच्या धक्क्यावर भर पावसात छत्र्यांची ती गर्दी, आणि फेरीबोट समोरून भरून येताना दिसली तरी आपला नंबर लागेल की नाही याची खात्री नसणे. त्या पत्रात मी पुलावर दीड पान लिहिले. इतके सविस्तर लिहिण्याचे कारण निराळे होते. पूल पडण्याच्या चार दिवस आधी बाबांना अर्धांगाचा झटका आला होता, उजवा हात गेला होता, आणि मैत्रिणीला नुकतेच दिवस गेले असल्यामुळे डॉक्टरांनी तिला प्रवास करू नका म्हणून सांगितले होते. माई म्हणाली, "बाबांक बरें आसा म्हूण बरय." मी लिहिले, "ती. बाबांची प्रकृती ठीक आहे. फेरीच्या रांगेत उभे राहणे नको म्हणून सध्या रजेवर आहेत." पुलाने मला आयते निमित्त दिले होते आणि मी ते बिनदिक्कत वापरले.

तेव्हा पत्रे खोटे बोलत, हे मान्य. पुष्कळदा ती पोहोचेपर्यंत सांगण्यासारखे सगळे होऊन गेलेले असे, हेही मान्य. फोनवर आवाज ऐकू येतो, नातवंडाचा चेहरा दिसतो, आणि तार आली म्हटल्यावर ती उघडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही.

पण ते पत्र बडोद्याला पोहोचले आणि तिने पुलाबद्दलचा माझा निबंध बाजूला ठेवून आधी डिंकाची कड पाहिली. ती कोरी होती. मला सुचलेच नव्हते! एवढे शहाणपणाने रचलेले खोटे, आणि त्या चार बोटे जागेचा मला विसर पडला. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन निघाली, मुंबईहून पुढे घाटातून रात्रभर एसटीने आली, बेळगाव की सावंतवाडी यावर आम्ही अजून वाद घालतो, आणि म्हापशाच्या स्टँडवर उतरून सरळ घरी येऊन बाबांच्या उशाशी बसली. बाबा चवथीच्या आठ दिवस आधी गेले. तेवढे दिवस तिला मिळाले.

आज फोनवर ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते. ती हळूच म्हणाली, "तेव्हा तू लपवलेस तरी मला कळले. आता तू लपवले नाहीस." पुढे तिलाही बोलवेना आणि मलाही.

फोन ठेवल्यावर मी गटातल्या एकेकाला मनातल्या मनात दोष देत बसले होते. परंतु खरे सांगायचे तर गटातल्या इतरांचा काय संबंध? त्यांच्यापैकी कोणी रविवारच्या दुपारी माईसमोर बसलेले नव्हते. बडोद्याला कोण लिहिणार, याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच ठरलेले होते आणि ते बदलल्याचे मला कोणी सांगितलेले नाही.

संध्याकाळी आंतरदेशीय पत्र आणायला गेले. खिडकीतल्या मुलाने, वाईट हेतूने नव्हे, विचारले, "आजी, अजून पत्र लिहिता?" अडीच रुपयांचे ते पत्र त्याला खणात शोधावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टसुद्धा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तेव्हा हे निळे कागद आणखी किती दिवस मिळतील ते पाहावे, म्हणून दहा घेऊन ठेवले.

आता लिहायला बसले आहे. बाई शेवटच्या आठवड्यात कोणाकोणाची नावे घेत होत्या, हे बाराव्याच्या जेवणानंतर त्यांच्या सुनेने मला माजघरात बसवून सांगितले. त्यात हिचे नाव दोनदा आले होते, आणि ते मी गटावर टाकले नाही याचे आता बरे वाटते. बाईंनी फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घासाठी हिला उभे केले होते तो प्रसंगही त्यांना आठवत होता. एवढे लिहिण्यातच दोन घड्या भरल्या आहेत. मिरचीचा भाव ता. क. मध्ये जाईल. डिंकाची कड मोकळी ठेवली आहे. तिथे माईने, आज ब्याण्णवाव्या वर्षी, अंगठा उठवायचे कबूल केले आहे. उद्या सकाळी तिच्याकडे जाते.