चौथा भिडू

मेंढीकोट खेळायला चार माणसं लागतात आणि आमच्या घरात तीन आहेत. आजी, बाबा आणि धाकटा काका. आई पत्त्यांना हात लावत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आजीने तिला आपली भिडू करून घेतलं होतं म्हणे. त्या डावात काय घडलं ते दोघीही आजतागायत सांगत नाहीत. तेव्हा चौथा मी. मी रत्नागिरीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, संख्याशास्त्र घेऊन. माझी सुट्टी कधी लागते याची घरात जी चौकशी चालते, ती माझी नसते, चौथ्या जागेची असते.

गणपतीत ही अडचण येत नाही. मुंबईहून चाकरमानी आले की ओटीवर दोन दोन डाव बसतात आणि मला चहा आणण्यापलीकडे कोणी विचारत नाही. पण सगळी रजा गणपतीत उडवून गेलेली माणसं दिवाळीला कुठली येतात? मालवणजवळच्या आमच्या वाडीत दिवाळी म्हणजे पहाटे तुळशीपाशी कारीट फोडायचं, आईने केलेले तऱ्हेतऱ्हेचे पोहे खायचे, आणि त्यानंतर रात्रीपर्यंत मोकळं. या मोकळेपणाची मला होस्टेलवर फार स्वप्नं पडायची. जर्नल पूर्ण करायचं, दुपारी माजघरात झोपायचं, झोपून उठल्यावर पुन्हा झोपायचं असा बेत आखून मी कुडाळला गाडीतून उतरलो, एसटी धरली, घरी आलो. पाय धुवायच्या आत ओटीवरून आवाज आला.

"घराक इलंस मा? मग बस. पानां थंड होतत."

पानं म्हणजे पत्ते. आजीला बसल्या जागी दोन पानं लागतात, एक तोंडात आणि तेरा हातात. हा हिशोब चुकीचा आहे हे मला दिसतंय. पण हिशोबात आजीला कोणी टोकत नाही.

ज्यांनी मेंढीकोट खेळला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बावन्न पानं, चौघांना तेरा तेरा. समोरासमोरचे दोघे भिडू. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या बाजूने जास्त पकडल्या ती जिंकली, दोन-दोन झाल्या तर सात हात करील ती. चारही एकाच बाजूला गेल्या तर समोरच्यांवर मेंढीकोट, म्हणजे पुढचे आठ दिवस जेवताना टोमणे. आम्ही कट हुकूम खेळतो. उतारीचं, म्हणजे हाताच्या सुरुवातीला टाकलेल्या रंगाचं, पान ज्याच्याकडे सर्वांत आधी संपतं, तो जे पान टाकील त्याचा हुकूम. म्हणजे आपल्या भिडूकडे कुठलं पान संपलंय हे कळलं, तर निम्मा डाव जिंकल्यात जमा. आणि ते सांगायला अर्थातच मनाई आहे.

आजी सांगत नाही. ती फक्त घरातल्या गोष्टी बोलते.

बदाम संपले की तिला विहिरीजवळच्या बदामाचा पाचोळा आठवतो. इस्पिक संपलं की नाक खाजवते. किलवराशी जुळेल असं घरात काहीच नाही, म्हणून किलवर संपलं की खोकते. आणि चौकट संपली की ती हातातल्या पानांकडे बघत, अगदी सहज, म्हणते, "मागल्या दाराच्या चौकटीक वाळवी लागली हा."

मी नववीत असताना तिने हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा काका खरोखर उठला, भर दुपारी बॅटरी घेऊन मागच्या दारी गेला, चौकट ठोकून आला आणि म्हणाला, "आये, चौकट ठणठणीत आसा." "तर मग बरां झाला," आजी म्हणाली आणि त्याच हाताला तिने हुकूम काटला. त्या दिवसापासून हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ. काका आणि बाबांनाही त्याचा अर्थ कळतो, पण हरकत घेता येत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने घराच्या लाकडाची काळजी करू नये असा मेंढीकोटात नियम नाही.

काकाची तऱ्हा वेगळी. तो बोलत नाही, तो पिसतो. एका दुपारी त्याच्या एकट्याच्या हातात दोन वेळा चारही दश्श्या आल्या. मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी, मला राहवेना. बावन्न पानं चौघांत वाटायचे जितके प्रकार आहेत तो आकडा लिहायचा तर पाचावर अठ्ठावीस शून्यं द्यावी लागतात. एका ठरावीक खेळाडूला चारही दश्श्या यायच्या म्हणजे साधारण ३७९ डावांत एकदा. दुपारभरात आमचे होतात वीस डाव. मी जर्नलच्या मागच्या पानावर हे मांडून काकाच्या पुढे धरलं. काकाने चष्मा वर करून वाचलं, म्हणाला, "म्हणजे येऊक शकतत." आणि पुन्हा पिसायला घेतलं.

"कॉलेजात तुका शिकवतत तरी काय?" आजीने विचारलं.

"शक्यता."

"मगे ती आधी वापर. काल बदामाची दश्शी कित्याक टाकलंस?"

जर्नलचा उपयोग त्या सुट्टीत तेवढाच झाला. पुढे त्याच पानावर काका गुण लिहू लागला.

घरातून सुटका हवी तर मित्र आहेत. पण मित्रांकडे माझी किंमत हीच. आमच्या वाडीत आधी पंधरा पोरं होतो, दोन संघ पाडून एक राखीव उरायचा. आता कोणी गोव्याला हॉटेलात, कोणी पुण्याला, दोघं बोटीवर. उरले सात. त्यामुळे फोन येतो तो असा: "खंय रे आसस? एक कमी पडता."

आमचं क्रिकेट किनाऱ्यावर. ते पंचांगावर चालतं. हसू नका, मैदान समुद्राचं आहे आणि तो दिवसातून दोनदा ते परत घेतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे पाढ्यांबरोबर शिकवतात. अमावस्या म्हणजे पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी, त्यातून उधाणाचे दिवस, पाणी लांबवर हटलेलं, ओली वाळू डांबरासारखी कडक. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी म्हणून आम्हाला लॉर्ड्सच्या तोडीची खेळपट्टी मिळते. मग रोज पाऊण तास पुढे सरकत सरकत अष्टमीला सहा वाजता भरती येते आणि ऐन संध्याकाळी यष्टीरक्षकाच्या जागी खेकडे उभे असतात. वहाणा काढून ‘आज तिथी कुठली’ असं एकमेकांना विचारणारी तरुण पोरं दुसरीकडे कुठे असतील तर ती फक्त भटजींची.

मी दोन्ही संघांकडून क्षेत्ररक्षण करतो. माणसं सात असली की एक सामाईक लागतो, आणि कॉलेजात शिकणारा म्हणून तटस्थ मी. जागा समुद्रात, गुडघाभर पाण्यात. होडीला चेंडू लागला तर बाद, जाळ्यात अडकला तर दोन धावा, पाण्यात गेला तर मी. समोर सिंधुदुर्ग किल्ला. एवढ्या ऐतिहासिक ठिकाणी उभं राहून टेनिसचा चेंडू लाटांतून शोधणारा मीच पहिला नसेन, पण ओला चेंडू निथळून फेकेपर्यंत फलंदाज पाच वेळा पळून येतो आणि वर दोन्ही संघ मलाच शिव्या देतात.

एका सकाळी तेही नशिबात नव्हतं. किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने जाळं अर्धगोलात टाकून दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर आणलेल्या, आणि दोन्हीकडे माणसं ओढायला लागलेली. आम्ही नुसते बघायला गेलो होतो. "तिकडच्या दोरीर एक माणूस कमी आसा," असं कोणीतरी ओरडलं आणि सगळ्या मित्रांनी एकमुखाने माझ्याकडे बघितलं. रापण बघायला फार सुंदर असते. ओढायला ती समुद्राइतकी जड असते, कारण आपण निम्मा समुद्रच ओढत असतो. दोरी कमरेशी घेऊन उलट्या पावलांनी मागे जायचं, शेवटाला पोचलं की सोडून पुन्हा पाण्याशी यायचं. जाळं वाळूवर आलं तेव्हा माझे तळवे हातमोज्यांसारखे सुटून येतील असं वाटत होतं. आत तारली, थोडे बांगडे, एक भलामोठा जेलीफिश. ओढणाऱ्याला वाटा मिळतो. मला पाच बांगडे मिळाले. स्वकष्टाची पहिली कमाई म्हणून ते पिशवीत न घालता हातात मिरवत मी घरी आलो.

"आज सोमवार," आई म्हणाली.

बांगडे शेजारी गेले. आजीला दुःख बांगड्यांचं नव्हतं. "तीन डाव बुडाले तुझ्यापायी," ती म्हणाली, "हातांका काय झाला? पानां धरूक येतत मा?"

दशावतारी जत्रा अजून सुरू व्हायच्या होत्या म्हणून वाचलो. नाहीतर रात्री उशिरा पडदा, पहाटेपर्यंत नाटक, आणि मित्र चहा-भजीच्या स्टॉलवर असताना सगळ्यांच्या चटया राखायला एक माणूस.

अष्टमी आली. संध्याकाळी सहाला भरती, क्रिकेट बंद. मित्र देवळाच्या पायरीवर मोबाइलवर लुडो लावून बसले होते. लुडोत चार जागा असतात. ते तीन होते. मी लांबूनच मागे फिरलो तर घरच्या ओटीवर कंदील लागलेला. वीज गेली होती, कंदिलाच्या भोवती तीन माणसं आणि एक रिकामा पाट.

तो डाव मला अजून पानापानाने आठवतो. तीन दश्श्या काका-बाबांनी नेल्या होत्या. चौथी, चौकटची, माझ्या हातात. ती वाचवायची एवढंच आता आमच्या हाती होतं, नाहीतर आमच्यावर कोट. हुकूम इस्पिक झाला होता, आणि आजीकडे हुकुमाची पानं असणार याची मला खात्री होती. उतारी माझी. एवढ्यात आजीने पानांवरून मान वर केली, मागच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "रे, मागल्या दाराच्या चौकटीक वाळवी लागली हा."

मला भरून आलं. इतक्या अडचणीत सापडलेल्या भिडूला इतका स्पष्ट निरोप! मी दश्शी जोरात वाळूत स्टंप ठोकावा तशी सतरंजीवर टाकली. काकाने सत्ती टाकली. आजी हुकूम मारणार म्हणून मी हात गोळा करायला पुढे झालो. आजीने टाकली चौकटची तिर्री. बाबांनी एक्का.

काही वेळ फक्त कंदिलाचा आवाज.

"मेल्या," आजी म्हणाली, "दश्शी कित्याक टाकलंस?"

"तूच म्हणालीस ना वाळवी!"

"वाळवीच म्हटलंय! खरी वाळवी रे मेल्या! जाऊन बघ!"

काका उठला. बॅटरी घेतली, मागच्या दारी गेला. ठोकल्याचा आवाज आला, आणि तो ठणठणीत नव्हता; ओल्या पुठ्ठ्यावर बोट मारावं तसा होता. मग भुसा गळल्याचा आवाज आला. मग काका म्हणाला, "आये..."

दाराची डावी बाजू आतून पोकळ झाली होती. वाळवीने वरचा रंग तेवढा शिल्लक ठेवला होता, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. "तीन वर्षां सांगतंय," आजीने पदर डोळ्याला लावला. पण तीन वर्षांत तिने हे वाक्य शेकड्यांनी वेळा म्हटलं असेल. त्यात वाळवीची किती आणि पत्त्यांची किती हे तिलाही नक्की सांगता येईना. मी मनातल्या मनात गुणोत्तर काढायचा प्रयत्न केला, पण मेंढीकोट लागलेल्या माणसाने तोंड उघडू नये. समोरचा किल्ला महाराजांनी १६६४ साली भर समुद्रात बांधायला घेतला आणि १६६७ ला पुरा केला. आम्ही तेवढ्याच काळात एक दार बघायला उठलो नाही.

सुतार चार दिवसांनी आला, म्हणजे त्याच्या मानाने लगोलगच. तोवर माझी सुट्टी संपली होती. पाठीवर बॅग, आईने दिलेल्या चिवड्याचा डबा हातात, सव्वातीनची कुडाळची एसटी. मी आजीच्या पाया पडलो, आईला सांगितलं, आणि मागच्या दाराने वाटेला लागावं म्हणून वळलो. तिथे फणसाच्या लाकडाची नवी चौकट आडवी पडलेली. एका कोपऱ्याला बाबा, एका कोपऱ्याला काका, तिसऱ्याला सुतार. तिघंही कमरेवर हात ठेवून चौथ्या कोपऱ्याकडे बघत होते.

"कोन चार आणि माणसां तीन," सुतार म्हणाला. "चौथो खंय?"

मी बॅग खाली ठेवली. चौकट उचलताना ओटीवर नजर गेली. आजीने चार ठिकाणी तेरा तेरा पानं वाटून ठेवली होती.

"फुडची एसटी साडेपाचाक आसा," ती म्हणाली.