डिस्चार्जनंतरची वर्गणी

हॉस्पिटलच्या बिलासाठी पैसे जमतात. चांगले जमतात, लवकर जमतात. घरी आलेल्या माणसासाठी जमत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते मी लांबण लावून सांगणार आहे. थोडक्यात सांगितलं की सगळे 'खरंय ताई' म्हणून अंगठा देतात आणि पुढच्या रीलवर जातात.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची साथ आली ते आठवत असेल. गुइलेन बॅरे सिंड्रोम. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हा सगळा पट्टा. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, संशय पाण्यावर गेला, टँकर आणि विहिरींच्या बातम्या झाल्या, फेब्रुवारीपर्यंत रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. मग बातम्या थांबल्या. आजार थांबला नव्हता, म्हणजे ज्यांना झाला होता त्यांचा थांबला नव्हता.

त्यातला एक आमचा दहावीच्या बॅचमधला मित्र. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. धायरीकडे स्कूल व्हॅन चालवतो. आधी जुलाब झाले, ते बरे झाले, आणि नंतर एका सकाळी व्हॅनचा दरवाजा सरकवायला हातात जोर येईना. पायऱ्या चढवेनात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, सुरुवात बहुतेक वेळा पायांपासून होते आणि वर चढत जाते. श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचली की व्हेंटिलेटर. त्याची पोचली.

ग्रुपवर मेसेज पडला आणि संध्याकाळपर्यंत यादी कॉपी-पेस्ट होत लांबत गेली. दुबईवाला, न्यू जर्सीवाली, दहावीनंतर ज्याने कधी 'हॅपी दिवाळी'सुद्धा टाकलं नव्हतं तोही. मनापासून सांगते, त्या दिवसांत आपल्या बॅचचा अभिमान वाटला. पण तेव्हाच हेही दिसत होतं की पैसे दोन गोष्टींमुळे येताहेत, भीती आणि आकडा. माणूस जाईल ही भीती, आणि काउंटरवरून रोज कळणारा आकडा. 'उद्या सकाळपर्यंत एवढे भरा.' तो ग्रुपवर टाकला की काम झालं. त्याला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे शिरेतून द्यायची प्रतिपिंडं, चालू होतं. ते वजनावर देतात, किलोला रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. सत्तर किलोचा माणूस धरा, १४० ग्रॅम झालं. एका इंजेक्शनला वीस हजार असे आकडे तेव्हा पेपरात येत होते, आणि अशी इंजेक्शनं एक नाही, पुष्कळ लागतात. असा आकडा वाचून कोण गप्प बसेल?

घरी आल्यावर असा आकडा कोणी पाठवत नाही. किराणावाला काय ग्रुपवर बिल टाकणार आहे?

डिस्चार्जच्या दिवशी ग्रुपवर फटाक्यांचे, हात जोडल्याचे, फुलांचे ढीग पडले. 'वाघ परत आला.' त्यानंतर शुकशुकाट. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. सगळ्यांना वाटलं, सुटला.

मी आठवड्याभराने त्याच्या घरी गेले तेव्हा वाघ कॉटवर बसून कपड्यांचे चिमटे दोरीला लावत होता. प्लास्टिकचे, गच्चीवर असतात ते. फिजिओने सांगितलेला व्यायाम. चिमटा दोन बोटांत धरायचा, दाबायचा, उघडायचा, दोरीवर बसवायचा. तिसरा चिमटा हातातून सुटला आणि कॉटखाली गेला, तर त्याने चौथा उचलला. शर्टाची बटणं बायको लावून देत होती. गळ्याला ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी पाडलेल्या भोकाची, खूण होती, आवाज घोगरा. मला म्हणाला, "बघ, गळ्याचं भोक बुजलं. आता खिशाचं तेवढं राहिलंय."

स्वयंपाकघरात वहिनींनी बाकीचं सांगितलं, जे त्यांनी ग्रुपमधल्या एकाही पुरुषाला सांगितलं नसतं. गंठण पतपेढीत गहाण आहे. पोळीभाजी केंद्रातलं काम सुटलंय, कारण त्याला उठवणं, बाथरूमला नेणं, कूस बदलणं हे करायला दुसरं कोण? मोठ्यांचे डायपर किती महाग असतात ते त्यांना पहिल्यांदा कळलं होतं. घरी येणारा फिजिओ एका वेळचे पाचशे घेतो, आणि तो रोज यायला हवा. एअर बेड भाड्याने, व्हीलचेअर भाड्याने, पाऊल लोंबू नये म्हणून स्प्लिंट विकत. तपासणीला न्यायचं तर साधी रिक्षा चालत नाही. आणि व्हॅनचा हप्ता. व्हॅनचा विमा, पासिंग, सगळ्याच्या तारखा माणूस आजारी आहे म्हणून थांबत नाहीत.

किती दिवस चालणार हे, असं मी फिजिओला विचारलं. तो तरुण मुलगा होता, सरळ बोलला. जीबीएसमधून बहुतेक जण सावरतात, पण कोणाला महिने लागतात, कोणाला वर्षं. ज्यांच्या नसेचा आतला धागाच खराब होतो, त्यांची नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर मोजा म्हणाला, आणि करा हिशोब.

तर माझं पहिलं म्हणणं असं आहे. मित्रांनी वर्गणी काढताना पहिल्याच दिवशी ठरवावं की जमलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले चाळीस हॉस्पिटलच्या काउंटरवर जाणार नाहीत. ते घरी आल्यानंतरचे. यावर एकाचा आक्षेप आहे, आणि तो बिनबुडाचा नाही: समोर माणूस मरतोय आणि तुम्ही पैसे बाजूला काढून ठेवणार? आधी जगू तर दे. मान्य. पण काउंटरचा आकडा भरायला दुसरे रस्ते असतात, घरच्या खर्चाला नसतात. आणि माणूस नाहीच वाचला, तर ते चाळीस त्याच्या बायकोला जास्तच लागणार आहेत.

ते दुसरे रस्ते कोणते? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना आहे ती. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, सिद्धिविनायक न्यास आहे. जीबीएससाठी तर पुणे महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात आणि पिंपरी-चिंचवडने वायसीएम रुग्णालयात मोफत उपचार जाहीर केले होते. आमचा मित्र त्याआधीच एका खासगी हॉस्पिटलात दाखल झालेला होता, आणि व्हेंटिलेटरवरचा माणूस हलवायला डॉक्टर तयार नव्हते. पण एक बघा. हे सगळे रस्ते दाखल असेपर्यंतचे. मुख्यमंत्री निधीचे पैसे हॉस्पिटलला जातात, तुम्ही आधीच भरून बसलेल्या बिलाची भरपाई म्हणून नव्हे. फुले योजनेत डिस्चार्जनंतरचा पाठपुरावा दहा दिवसांचा. अकराव्या दिवसापासून तुम्ही आणि तुमचे मित्र. म्हणून यादी सुरू करण्याआधी एकाने रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन हॉस्पिटलातल्या समाजसेवकाकडे जाऊन बसावं. कंटाळवाणं काम आहे, हेलपाटे असतात, स्क्रीनशॉट टाकण्यासारखं त्यात काही नसतं.

वेबसाइटवरून निधी उभारायची सूचनाही आली होती. वहिनी नको म्हणाल्या. तिथे नळ्या लावलेला फोटो लागतो, आणि पोरं शाळेत जातात. मला पटलं, विषय संपला.

फोटोवरून आठवलं. एका मंडळाने दहा हजार दिले. चांगली गोष्ट. ते द्यायला सहा जण आले, कॉटभोवती उभे राहिले, पाकीट त्याच्या हातात धरवलं (हाताने धरता येत नव्हतं, खालून एकाने आधार दिला) आणि 'मदत सुपूर्द' म्हणून फोटो निघाला. स्थानिक ग्रुपवर तो दोन दिवस फिरला. व्हॅनमधल्या पोरांच्या आया तो एकमेकींना पाठवत होत्या. मला विचाराल तर त्यापेक्षा पाच हजार गुपचूप परवडले.

आणि यादी. नाव आणि पुढे रकमा. हे आपण आहेराच्या वहीवरून उचललंय. वहीत लिहितात कारण उद्या परत करायचं असतं. इथे परत कोण करणार आहे? यादीत वर दहा हजार दिसले की पाचशेवाला लाजतो आणि काहीच देत नाही. असे दोघे मला वेगळे भेटले. आम्ही पुढे नुसती एकूण रक्कम टाकायला लागलो.

आता केकचं. हे लिहायचं की नाही यावर विचार केला, लिहितेच.

उन्हाळ्यात त्याच्या धाकट्याचा वाढदिवस झाला. वहिनींनी स्टेटसला फोटो ठेवला. अर्ध्या किलोचा केक, मागे भिंतीला चार फुगे, शेजारी बाप खुर्चीत बसलेला, पहिल्यांदाच कॉटवरून उठून. मी तो फोटो बघून खूश झाले की हा बसलाय. आमच्यातल्या एकाने मात्र केक बघितला. ग्रुपवर नाही, तीन-चार जणांना वेगळा मेसेज: 'आपण औषधाला दिले होते ना?' दुसऱ्याने त्याला अंगठा दिला.

मला त्याचा राग आला तो अजून गेलेला नाही. म्हणजे पैसे घेतलेल्या घराने वर्षभर तोंड पाडून बसायचं? पोराने वाढदिवस पुढच्या वर्षी करायचा, बापाची नस वाढल्यावर? आपण स्वतः ऑफिसच्या टेन्शनवर उतारा म्हणून लोणावळ्याला जाऊन येतो, आणि जो माणूस मरणाच्या दारातून आलाय त्याच्या घरातला केक आपल्या हिशोबात बसत नाही. हिशोब कोणी द्यायचा? ज्याने गोळा केले त्याने. किती आले, किती दिले, तारीख काय, पै न पै. ज्याला दिले त्याने नाही. दिले म्हणजे दिले. त्यातून त्याने औषध आणावं, हप्ता भरावा नाहीतर पोराला सायकल घ्यावी. घरात काय आधी लागतं हे त्या घराला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ज्याला हे पटत नसेल त्याने देऊ नये, कोणी जबरदस्ती केलेली नाही.

(हिशोबावरून एक कामाचं, मी सीएच्या ऑफिसात आहे म्हणून सांगते. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम पन्नास हजारांच्या वर गेली की आयकराच्या नियमात ती सगळी उत्पन्नात धरली जाते. आजारपण असलं तरी. कोविडच्या उपचारासाठी मिळालेल्या मदतीला सूट दिली होती, ती कोविडपुरती. व्हॅन चालवणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा प्रत्यक्षात कर बसत नाही, पण मोठी रक्कम एका खात्यात घेण्याआधी कोणाला तरी विचारा.)

पुढे आम्ही जे केलं ते साधं होतं. बॅचमधल्या आम्हा मुलींची एक भिशी आहेच. ती चालवणारी आमची मैत्रीण पैशाच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडत नाही. तिच्याकडे सूत्रं दिली. ज्याला जमेल त्याने दरमहा पाच तारखेला पाचशे, एक वर्ष, ऑटो-पे लावून. मेसेज नाही, आठवण नाही, यादी नाही. एकरकमी पंचवीस हजार देऊ शकणारा माणूस दरमहा पाचशेला कुरकुरतो, हा मला नवीनच शोध लागला. त्याला एकदाच देऊन मोकळं व्हायचं असतं. पण वहिनींना सहा तारखेला पैसे येणार हे माहीत असणं, यानेच त्यांनी फिजिओ बंद केला नाही.

आणि सगळ्यात मोठी मदत ज्याने केली त्याने रुपयासुद्धा दिला नाही. आमच्यातला एक जण टेम्पो लाइनमधला आहे. त्याने पहिल्या आठवड्यातच बदली ड्रायव्हर शोधून व्हॅनवर बसवला. व्हॅन एक महिना उभी राहिली असती तर पालकांनी पोरं दुसऱ्या काकांकडे लावली असती, आणि परत आली नसती. ड्रायव्हरचा पगार, डिझेल आणि हप्ता जाऊन हातात फारसं उरत नव्हतं, पण धंदा जागेवर राहिला. हल्ली आमचा मित्र त्या ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसून जातो. पोरांना चढवायचं, हजेरी घ्यायची, मागे मारामारी चालली की घोगऱ्या आवाजात ओरडायचं. क्लच दाबायला डाव्या पायात अजून पुरेसा जोर नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण, आपल्याच बॅचमधल्या एकीच्या नवऱ्याला पॅरालिसिसचा झटका आलाय. काल ग्रुपवर नावं आणि रकमांची यादी पुन्हा सुरू झाली, सात जणांपर्यंत पोचलीसुद्धा. ती थांबवा. गोळा करायला मी आणि भिशीवाली तयार आहोत, पण वर लिहिलंय तसं: चाळीस टक्के बाजूला, रकमा जाहीर नाहीत, फोटो नाही, आणि दरमहाची तयारी असेल त्यांनी आधी सांगा. ज्यांना पटत नाही त्यांनी भांडण इथे कमेंटमध्ये करून घ्या, जिच्या घरी आजारपण आहे तिला फोन करून नको. ऑटो-पे कसं लावायचं ते येत नसेल तर रात्री नऊनंतर मला फोन करा. नऊच्या आधी नको, पोळ्या चाललेल्या असतात.