नाताळच्या झाडावर शाळूचे तारे

नाताळ तोंडावर आला की बाजारात चंदेरी-सोनेरी प्लास्टिकचे गोळे लटकू लागतात, त्याविषयी माझी फारशी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती ‘नैसर्गिक सजावट’ या नावाने ऑनलाइन मागवल्या जाणाऱ्या त्या खोक्यांविषयी, ज्यांत हिमालयातील चीड वृक्षाची फळे आणि दालचिनीच्या कांड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून शेकडो मैलांवरून कोल्हापूरला येतात.

मुळात हे झाड सजले ते घरात सापडणाऱ्या वस्तूंनी. आजच्या फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहराच्या १६०५ सालच्या एका नोंदीत झाडावर टांगलेले कागदी गुलाब, सफरचंदे आणि पातळ पापड्या यांचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांनी त्याच फळांच्या आकाराचे काचेचे दागिने केले आणि पुढे प्लास्टिकने त्या काचेची नक्कल केली. म्हणजे आपण आज टांगतो तो लाल गोळा नकलेची नक्कल आहे, एवढे तरी ध्यानात असावे.

आमच्या घरी गेली काही वर्षे शाळूच्या कडब्याचे तारे होतात. ताटाची वरची साल सोलून तिच्या पट्ट्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, लाटण्याने चपट्या करायच्या आणि एकमेकींवर आडव्या-तिरक्या ठेवून मधोमध दोऱ्याने आवळायच्या, इतकेच काम आहे. जर्मनीत गव्हाच्या आणि राय नावाच्या धान्याच्या काडाचे तारे साधारण याच रीतीने बांधतात. संत्र्याच्या सालीचे चांद मात्र साल ओली असतानाच कापावेत आणि भोकही तेव्हाच पाडावे, कारण वाळलेली साल दाभण लावताच तडकते. ओळखीच्या शिंप्याकडून ब्लाउजांची कात्रणे मिळतात आणि चप्पल करणाऱ्या कारागिराकडून चामड्याचे तुकडे. त्या चामड्याच्या घंटा इतक्या टिकाऊ होतात की त्या आता मुलांच्या मुलांकडे जातील, अशी मला धास्तीच वाटते.

फजितीही झाली आहे. पहिल्या वर्षी बाभळीच्या शेंगा उन्हात न घालता थेट टांगल्या, तेव्हा चार दिवसांत त्यांतले किडे झाडाखाली फिरू लागले. कागदी फुलांना लावलेल्या खळीवर झुरळे आली. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी, परंतु मोरचूद विषारी असल्याने लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूंत मी तो घालत नाही आणि शक्य तिथे दोराच वापरते. लालचुटुक गुंजाही त्याच कारणाने वर्ज्य.

चमकीला आमच्या घरात प्रवेश नाही. ती बारीक केलेले प्लास्टिकच असते आणि युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत. शिवाय सोनेरी रंग फासल्यावर सुरूचे फळ आणि बाजारातला मणी यांत फरक तो काय उरतो?

सहा जानेवारीला झाड उतरवले की सारे काही मिठाईच्या जुन्या खोक्यात, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह ठेवते. गेल्या वर्षी चोवीस ताऱ्यांपैकी एकोणीस धड निघाले. उरलेल्या पाचांचे दोरे सोडवून ते गल्लीतल्या म्हशीपुढे टाकले आणि तिने ते कडबा म्हणूनच खाल्ले.