तळं कुणाचं? सिंहगड रस्त्यावरच्या काकांना उत्तर

काका, तुम्ही प्रतिक्रियेखाली नाव लिहिलं नाहीत. 'सिंहगड रस्ता, तीस वर्षं गळ टाकतोय' एवढीच ओळख दिलीत. मी गळ हातात धरला त्याला अठरा वर्षं झाली, म्हणजे तुम्ही माझ्या बारा वर्षं पुढे. म्हणून काका म्हणतो. उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या. तुम्ही जे लिहिलंत ते आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात आहे, फक्त ते पाण्याच्या काठी कुजबुजतात आणि तुम्ही उघड बोललात.

ज्यांनी मागचा मजकूर वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी लिहिलं होतं की पुण्याच्या आसपासच्या धरणांवर आणि तळ्यांवर हौशी गळवाल्यांनी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारून बसावं, पावती घ्यावी आणि त्यांची जाळी टाकायची-काढायची वेळ झाली की बाजूला व्हावं. त्यावर काकांचं म्हणणं असं: 'तळं सरकारचं, पाणी आमच्या करातून अडवलेलं. मासे जाळेवाल्यांनी संपवले आणि नियम गळवाल्याला शिकवता? सरळ लिलाव करा, जास्त बोली लावेल त्याला तळं द्या. क्रिकेटच्या प्रक्षेपणाचे हक्क असेच विकतात, तिथे कोणी रडत नाही. आणि माशांच्या लेखात तुमच्या वडलांचा ट्रान्झिस्टर आणि घरचा बाजारहाट कशाला? मुद्द्यावर या.'

मुद्दा असा की तुमच्या गळाला जो कतला लागतो तो त्या पाण्यात कुणीतरी आणून सोडलेला असतो.

कतला, रहू, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. त्यांना अंडी सोडायला पुराचं वाहतं पाणी लागतं. धरणाच्या साठलेल्या पाण्यात ते पोसतात, दहा-बारा किलोंचे होतात, पण त्यांची पैदास तिथे सहसा होत नाही. पूर्वी यांचं बीज, म्हणजे सोडायची लहान पिल्लं, नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची पैदास बंदिस्त पाण्यात घडवून आणली, तेव्हा कुठे बीज हमखास मिळायला लागलं. १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन पाळतात तो त्यामुळे. आज आपल्याकडे तलावाचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते आणि बीजही विकत आणते.

मागच्या पावसाळ्यात मुळशी तालुक्यातल्या एका लहान तळ्यावर हे काम मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. तळ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या उभ्या राहतील. टेम्पोतून प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशव्या उतरल्या. पाणी थोडं, वर ऑक्सिजन, आत बोटुकली. बोटाएवढं पिल्लू म्हणून बोटुकली. आणल्या आणल्या पिशवी ओतली नाही. आधी बंद पिशव्याच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होईपर्यंत. मग तोंड सोडून तळ्याचं पाणी हळूहळू आत येऊ दिलं आणि पिल्लं आपली आपण बाहेर निघाली. संस्थेतले एक आजोबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. मला म्हणाले, "यातली निम्मी जगली तरी पुष्कळ." त्या पिशव्यांचे पैसे माझ्या करातून आलेले नव्हते, काका. ते त्यांच्या वर्गणीतून आले होते आणि काही उसने होते.

मी तिथे अठरा वर्षं फुकट मासे धरत आलो होतो. ते पाहिल्यावर घरी येऊन मी तो लेख लिहिला.

आता तुमचा राग. तो मला खोटा वाटत नाही. उजनीच्या फुगवट्यावर बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं, वडाप जाळं ओढतात, त्यात बोटाएवढी पिल्लंसुद्धा येतात आणि ती वाळवून किंवा खाद्यासाठी विकली जातात. एकदाही अंडी न घातलेला मासा असा काढला तर पुढच्या वर्षी पाण्यात काय उरणार? भिगवणच्या बाजूला जुने भोई याबद्दल तुमच्यापेक्षा कडक बोलतात. काही ठिकाणी संस्था कागदावरच असते. ठेका तिच्या नावावर, पैसा आणि जाळी बाहेरच्या व्यापाऱ्याची, आणि सभासद त्याच्याच होडीवर रोजाने. हे मी मागच्या वेळी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. ती उणीव माझी. 'गळवाले काठावर घाण करतात' हे सरसकट वाक्यही मी मागे घेतो. तुम्ही तुटलेली तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गोळा करून घरी आणता असं लिहिलंत. तसे सगळे वागले असते तर पाणपक्ष्यांच्या पायांना तंगुसाचे फास बसले नसते.

पण संस्थेत खोट निघाली म्हणून तळं लिलावात काढायचं, हे मला पटत नाही. बारीक जाळं टाकणाऱ्याला अडवायला कायदा आहे. महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० सालचा आहे. तो वापरायला लावण्यासाठी आपण गळवाले संस्थेच्या बाजूने उभे राहू शकतो. लिलाव झाला तर बोली व्यापारीच जिंकणार, तुम्हीही नाही आणि मीही नाही.

'पाणी आमच्या करातून अडवलेलं' हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. मुळशीचं पाणी अडलं तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. बांधाच्या कामावर लोक आडवे झाले, तुरुंगात गेले आणि तरी गावं बुडाली. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं, आणि त्याच्या तळाशी इंदापूर-करमाळ्याकडच्या लोकांची काळी जमीन आहे. ज्यानं नांगर गमावला त्याच्या नातवानं जाळं धरलं, तर त्या पाण्यावर आपल्या आधी त्याचं नाव लागतं असं मला मनापासून वाटतं. मध्य प्रदेशात तवा धरणावर विस्थापितांनी हाच हक्क मागितला होता आणि १९९६ मध्ये त्यांच्या तवा मत्स्य संघाला तो मिळाला. काही वर्षं त्यांनी तो कारभार स्वतः चालवला. पुढे ठेका गेला ही दुःखाची गोष्ट, पण बुडालेल्या गावांतली माणसं एवढं मोठं तळं चालवू शकतात हे दिसलं.

तुम्ही पवईचं उदाहरण दिलंत, तिथे हौशी मासेमारांची संघटना तळं सांभाळते म्हणून. चांगलं सांभाळत असेल. पण पवई शहराच्या पोटातलं तळं आहे. उजनीकाठी पाण्यावर चूल पेटते, ते गणित पवईला लावून कसं चालेल?

'माशाची खरी कदर गळवाल्यालाच' असंही तुम्ही म्हणता. कदर आहे, मी नाकारत नाही. आपल्या नदीतल्या महासीर माशाचंच बघा. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि नाव दिलं त्यात इथल्याच लोकांच्या तोंडचा 'खुद्री' शब्द ठेवला. आपल्या नदीचं नाव जगभरच्या मत्स्यशास्त्रात गेलं त्या नदीत आज काय वाहतं ते आपण रोज पुलावरून बघतो. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून या माशाचं बीज तयार झालं, देशभर गेलं, केवढं मोठं काम. पण हेच बीज कावेरीत सोडलं गेलं, तिथे आपला खुद्री फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर मागे रेटला गेला. वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून मासे मारणं हीही कारणं होतीच. २०१८ मध्ये हा कुबडा महासीर अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. चांगल्या मनानं केलेली गोष्टसुद्धा त्या पाण्याची माहिती नसेल तर घात करते. ती माहिती रोज पाण्यात उतरणाऱ्याला असते. आपण महिन्यातून दोनदा जातो.

धरून सोडण्याबद्दलही तेच. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलेलं असतं, त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. आपण मासा दहा मिनिटं खेळवतो, कोरड्या हातांनी धरतो, अंगावरचा बुळबुळीत थर पुसला जातो, मग फोटो. तो पोहत गेला म्हणजे जगला असं नाही. हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा, टोकाला उलटा काटा नसलेला गळ वापरा. हे तुम्हाला ठाऊकच असेल, वाचणाऱ्या नव्या मुलांसाठी लिहितोय.

आता क्रिकेट. हे उदाहरण तुम्हीच काढलंत आणि ते फार नेमकं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

हक्क विकतात हे खरं. २०२२ च्या लिलावात आयपीएलचे पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. पण गोष्ट लिलावाशी संपत नाही. १९९३ च्या हीरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढे २००७ मध्ये संसदेनं कायदाच केला. राष्ट्रीय महत्त्वाचा सामना ज्या खासगी वाहिनीनं विकत घेतला असेल, तिनं त्याचं थेट चित्रण दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचं. जाहिरातीच्या उत्पन्नात टीव्हीसाठी किमान ७५ टक्के वाटा हक्क घेणाऱ्याचा, २५ दूरदर्शनचा. रेडिओसाठी निम्मं निम्मं. म्हणजे ज्यानं कोट्यवधी मोजले त्यालाही सांगितलं की बाबा, तुझे पैसे तुला मिळतील, पण गावातल्या माणसाला खेळ दिसलाच पाहिजे. तळ्याबद्दल मी याहून वेगळं काय म्हणतोय?

त्यातही पुढे दार अरुंद झालं. २०१७ मध्ये न्यायालयानं ठरवलं की हे वाटून घेतलेलं चित्रण दूरदर्शननं आपल्या अँटेनावर आणि मोफत डिशवर दाखवावं, केबलवाल्यांना ते देता येणार नाही. ज्यांच्या घरी केबल होती त्यांना वाटलं सामना बंद झाला. हक्क कागदावर राहिला, हाताला लागेना. कागदी संस्थांबद्दल तुम्ही जे म्हणता ते हेच, फक्त तुम्ही त्यावरून लिलावाकडे जाता आणि मी दार रुंद करा म्हणतो.

वडलांचा ट्रान्झिस्टर यासाठीच आला होता. ते कारखान्यातून सुटून कधी मुठेच्या काठी, कधी खडकवासल्याला गळ घेऊन बसायचे. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं की पलीकडचे जाळेवाले होडी वल्हवत जवळ यायचे. वडील आवाज वाढवायचे. कोणी विडी पुढे करायचं, कोणी दोन मरळ. तो आवाज कुणाच्या मालकीचा नव्हता. आज मी तळ्यावर मोबाइलवर सामना लावतो, त्याचे पैसे मी भरलेले असतात, आणि शेजारी जाळं विणत बसलेला मुलगा "दादा, स्कोअर काय?" एवढंच विचारतो. मी फोन त्याच्या बाजूला वळवून ठेवतो. मासा घाबरेल म्हणून आवाज करू नका, असं तुमच्यासारख्याच एका अनुभवी गृहस्थांनी मला तिथे सुनावलं होतं. मी आवाज कमी केला, फोन वळवलेलाच ठेवला.

आणि बाजारहाट. बायको बुधवारी गणेश पेठेतून मासळी आणते. आमच्या घरात सुरमई क्वचित, बहुतेकदा रहू नाहीतर चिलापी. चिलापी आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आली, उजनीत तर तिनं घरच केलं. पण चाकणच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्याच्या पगारात आठवड्याला दोनदा बसणारा मासा तोच. तो पहाटे कुणीतरी जाळ्यातून काढलेला असतो. मी रविवारी त्याच माणसाला 'तुमच्या जाळ्यामुळे माझा गळ अडकतो' म्हणून ओरडायचं आणि बुधवारी त्याचाच मासा खायचा, हे मला जमेना. लेखात घर आलं ते त्यामुळे. माझ्या मते तोच लेखाचा गाभा होता, आणि तो तुम्हाला फापटपसारा वाटला याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी तुम्ही विचारलंत, 'तुम्ही स्वतः किती भरता?' त्या तळ्यावर दिवसाचे शंभर रुपये देतो. पावती संस्थेच्या सचिवाकडे मिळते, तो दूध घालायला जातो म्हणून सात वाजायच्या आत गाठावा लागतो. दोन किलोंवरचा एक मासा न्यायची मुभा आहे, त्याहून लहान परत. सकाळी नऊ ते अकरा जाळी निघतात, तेवढा वेळ दोर गुंडाळून ठेवतो आणि हात लावायला जातो. तुम्हाला पाहायचं असेल तर येत्या रविवारी साडेपाचला पौडला एसटी स्टँडसमोर चहाला भेटू. शेंगदाण्याच्या पेंडीचं आमिष मी मळून आणतो, दोघांना पुरेल.