सगळे खेळ एकाच माळेचे मणी नव्हेत
व्हिडिओ गेममुळे मुलांची बुद्धी बोथट होते, म्हणून शाळेच्या संगणक कक्षात त्यांना थारा नको, हे एका लेखात मांडलेले मत मला एकांगी वाटते. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये खुल्या केलेल्या स्क्रॅच या, मुलांना ठोकळे जोडून प्रोग्राम रचू देणाऱ्या मोफत प्रणालीत मुलाने चेंडू-फळीचा साधा खेळ जरी रचला, तरी फळीला टेकलेला चेंडू उलट का फिरत नाही, हे शोधता शोधता अट, चल (बदलती किंमत साठवणारे नाव) आणि पुनरावृत्ती या प्रोग्रामिंगच्या संकल्पना त्याच्या आपसूक अंगवळणी पडतात. दादरच्या एका शाळेत शिकणाऱ्या माझ्या भाचीला मात्र संगणकाच्या परीक्षेत अजूनही कळफलकाची आकृती काढून भागांना नावे द्यावी लागतात. (लोकलमध्ये कँडी क्रशमध्ये बुडालेल्या आम्हा मोठ्यांनी मुलांना नावे ठेवावीत, हेही जरा अतीच.) पैशांची चटक लावणारे ऑनलाइन खेळ आणि मुलांनी स्वतः घडवलेले खेळ यांत लेखकाने फरक करायला हवा होता.